थोरलीचं देणं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची बहुतेक नोकरी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर झाली. अशा माणसाबद्दल बोलताना त्यागाचा विषय काढायची आपल्याकडे रीत आहे. ती मी पाळणार नाही. गुरुजींसमोर कुणी तो शब्द काढला की ते पानाचा डबा उघडायचे, सुपारी कातरत बसायचे आणि समोरचा थांबेपर्यंत मान वर करायचे नाहीत. त्यामुळे सुरुवात त्यांच्या हजेरीपटापासून करतो.

गैरहजर मुलाच्या नावापुढे फुली मारली की शिक्षकाचं काम संपतं. गुरुजी फुलीशेजारी बारीक अक्षरात कारण लिहीत. तपासणीला येणाऱ्या साहेबांना पटावरची असली लुडबुड खपत नसे, म्हणून शिसपेन्सिलीनं. वेळ आली तर खोडता यावं. 'आई बागेवर, बाळ हिच्याकडे.' 'धाकटा तापला.' 'पाण्याला गेली.' मुलग्यांची कारणं निराळी: 'गुरं', 'आठवडी बाजार', 'खेकडे धरायला'. मुलगा गैरहजर असे तो स्वतःच्या कामासाठी नाहीतर मजेसाठी. मुलगी गैरहजर असे ती दुसऱ्या कुणासाठी तरी. गुरुजी यावर कधी काही बोलले नाहीत. लिहीत मात्र राहिले.

आजचा विषय पत्रिकेत 'गरिबी आणि भावंडं' असा छापला आहे. विषय ऐकला की डोळे पाणावायची सोय आधीच झालेली असते. एका भाकरीचे चार तुकडे, एकच गणवेश आलटून पालटून घालणारे दोघे भाऊ, बहिणीच्या लग्नासाठी शाळा सोडलेला दादा. हे सगळं खरं आहे, इथं बसलेल्या कितीतरी जणांच्या घरात घडलेलं आहे. भावंडं एकमेकांच्या आधारानं तगतात यात शंकाच नाही. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. तगवण्याचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. तो बहुतेक घरांत एकीच्या नावावर पडतो, थोरलीच्या; आणि ते खातं कुणी उघडून बघत नाही, खुद्द ती थोरलीसुद्धा नाही.

नाशिकच्या द्राक्षांचं आपल्याला केवढं कौतुक. द्राक्षं पिकतात निफाड-दिंडोरीच्या बागांत, पण बागेत राबणारी माणसं येतात सुरगाणा, पेठ, हरसूलच्या डोंगरातून. भात-नागली खळ्यातून घरात आली की पाड्यावर थांबून करायचं काय? डोंगरात पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पेठ तालुक्यातल्या बोरीची बारीसारख्या गावात हंडाभर पाण्यासाठी बायकांना विहिरीत उतरावं लागलेलं आहे. खाली बागांत मात्र गोडी छाटणीपासून कामांची रांग लागलेली असते. छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, विरळणी, पेपर लावणं, मग काढणी. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी जाऊन उभं राहिलं की घमेली, पातेली, गोधड्यांची गाठोडी आणि पोरंबाळं घेऊन आलेल्या टोळ्या दिसतात. बागाईतदार येतो, भाव होतो, टोळी गाडीत बसते. टोळीनं एकरी ठेका घेतला की माणसं मोजायची गरज उरत नाही, एकर मोजले की झालं. त्यामुळे आईबरोबर गाडीत चढलेली नऊ-दहा वर्षांची पोर कुणाच्याच हिशेबात येत नाही. ती आली म्हणून तिची आई डिपिंगला मोकळी झाली, म्हणून एकर वेळेत उरकला, हे बागाईतदाराला ठाऊक असतं, मुकादमालाही ठाऊक असतं. ठेक्यात ते कुठं मांडत नाहीत.

बागेच्या कडेला मंडपाच्या अँगलला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते. थोरली एका हातानं झोळीची दोरी ओढते, दुसऱ्या हातानं मधल्याला नागलीच्या भाकरीचा तुकडा चटणीला लावून भरवते. चटणी तिखट लागली तर तुकडा आधी स्वतःच्या तोंडात घेऊन मऊ करते. फवारणीचा ट्रॅक्टर ऐकू आला की बाळ उचलते, मधल्याचं मनगट धरते, वारा कुठून येतोय ते बघते आणि उलट्या बाजूच्या बांधावर जाऊन बसते. औषध वाऱ्यावर येतं, बाळाला ठसका लागतो, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. असल्या पोरीला शाळेत आपण विचारतो, तुला काय येतं? आणि तीही सांगते, काही येत नाही.

आता सरकारचं बघू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिच्यामुळे पाड्यापाड्यावर अंगणवाडी आली. योजनेला नावं ठेवणारा मी नाही, तिच्या खाऊवर पिढ्या जगल्या. पण तिची रचना नीट बघा. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत बसतात, गाणी म्हणतात, खातात आणि दुपारी घरी येतात. आई परतते सांजेला. तीन वर्षांच्या आतल्या बाळासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, पाकिटातून. पाकीट घरी पोचतं, पण ते शिजवून भरवायला घरात कोण असतं? म्हणजे सरकारनं बाळाचं खाणं उचललं आणि बाळ मात्र थोरलीच्या कडेवरच ठेवलं. इकडं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की ही थोरली सहा ते चौदा वयात शाळेत असलीच पाहिजे. एक खातं तिला शाळेत बोलावतं आणि दुसऱ्या खात्याची योजना ती घरी असल्याशिवाय पुरी होत नाही. या दोन खात्यांची बैठक एका टेबलाशी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाळ सांभाळणं हे काम आहे, हे कायद्याला कळत नव्हतं असंही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं आली असतील तर त्यांना बघायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. चांगली तरतूद. द्राक्षबागेत ती लागू होत नव्हती, उसाच्या फडात होत नव्हती, वीटभट्टीवर होत नव्हती. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल घेतली जाते ती या हिशेबानं. कोपीत चूल पेटवून, धाकट्याला कडेवर घेऊन, वाढ्याच्या भाऱ्यावर बसलेली पोर कितवा कोयता, याला मुकादमाच्या वहीत रकाना नाही.

गुरुजींनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. वर्गाच्या मागच्या भिंतीशी गोणपाट अंथरून ठेवायचे. जिच्या कडेवर बाळ असेल तिनं ते गोणपाटावर सोडायचं आणि पाढ्यांना बसायचं. बाळं रडत, ओली करत, एका रांगत्या वीरानं खडूची पेटी अर्धी खाल्ली होती असं सांगतात. तपासणीची खबर लागली की गोणपाट गुंडाळून कपाटामागं आणि बाळं मागच्या आंब्याखाली. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात हे बसत नाही. पटावरच्या फुल्या त्या काळात कमी झाल्या होत्या, एवढं मी त्या पेन्सिलीच्या खुणांवरून सांगू शकतो.

ही गोष्ट आजकालची समजू नका. इथून, नाशिकहून, अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे, पौष वद्य एकादशीला सगळा रस्ता दिंड्यांनी भरतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आईबाप गेलेली, गावानं वाळीत टाकलेली, माधुकरीवर जगणारी चार पोरं. मांड्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. निवृत्तीला मांडे खावेसे वाटले, मुक्ताबाई खापर आणायला कुंभाराकडे गेली, त्यांच्यावर डूख धरून असलेल्या विसोबानं कुंभारांना दम भरून ठेवला होता, खापर मिळेना, तेव्हा ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्तेनं त्यावर मांडे भाजले. कीर्तनकार पाठीपाशी थांबतो, टाळ वाजतात. मी कथा ऐकताना आधीच्या ठिकाणी अडकतो. दादाला गोडाधोडाचं खावंसं वाटलं, घरात साधं खापर नाही आणि घरातली सगळ्यात धाकटी मुलगी दारोदार ते मागत फिरते आहे. चमत्कार बाजूला ठेवला तर ही हुबेहूब गरिबाघरची कथा आहे. यात थोरली नाही. आई गेली आणि बहीण एकच असली की वय बघत नाहीत, चूल तिच्याकडे जाते. रागावून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत काढायलाही मुक्ताच गेली. घरातला रुसवा काढणं हेही तिच्याच वाट्याचं.

आता जिथं ही वाटणी मोडली असं एक उदाहरण सांगतो, आणि त्यावर थोडा रेंगाळणार आहे. पंडिता रमाबाई. त्यांना आपण विदुषी म्हणून ओळखतो, केडगावच्या मुक्ती मिशनसाठी ओळखतो, धर्मांतराच्या वादासाठी तर जरा जास्तच ओळखतो. श्रीनिवासची बहीण म्हणून फारसं ओळखत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास आणि १८५८ साली जन्मलेली रमा असं हे कुटुंब पुराण सांगत तीर्थातून तीर्थाला हिंडायचं. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला माणसं उरली नाहीत. होती नव्हती ती भांडी गेली, दागिने गेले. वेद येत होते, मजुरी येत नव्हती. आणि करावी म्हटलं तर जातीचा अभिमान आडवा. तिरुपतीकडच्या जंगलात अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले, असं रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलं आहे. अखेर श्रीनिवासनंच सांगितलं की आता अभिमान सोडतो, गावात जाऊन मिळेल ते काम करतो.

उशीर झाला होता. थोड्याच महिन्यांत आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या वेळी तिरडीला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी, तिच्या खांद्यावर तिरडी समतोल राहीना, म्हणून तिनं आपल्या बाजूचं टोक डोक्यावर घेतलं. त्या काळातल्या ब्राह्मणघरातली मुलगी आईच्या तिरडीचं टोक डोक्यावर घेऊन चालते आहे. शास्त्रार्थ करायला तिथं वेळ नव्हता आणि माणूसही नव्हतं.

उरली दोघं. पुढची काही वर्षं ती चालत राहिली, दक्षिणेतून उत्तरेत, पंजाब-काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेला बंगालपर्यंत. सगळं पायी. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं. दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, आत शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. मला या प्रवासात एक गोष्ट मोलाची वाटते. घर नव्हतं, चूल नव्हती, उंबरा नव्हता. त्यामुळे भावाचं काम कोणतं आणि बहिणीचं कोणतं याची वाटणीच राहिली नाही. दोघं सारखंच चालली, सारखीच उपाशी राहिली आणि गावागावांत दोघांनीही शास्त्र सांगितलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता', 'सरस्वती' म्हणून तिला मान दिला. १८८० साली श्रीनिवास गेला. पुढं दुष्काळात रस्त्यावर आलेल्या मुलींना रमाबाई गाड्या भरभरून केडगावी आणू लागल्या, त्यामागं कोणता दुष्काळ होता हे वेगळं सांगायला नको. आणि हो, त्या दुष्काळात गेलेल्या थोरल्या बहिणीचं नाव कृष्णाबाई. मी मुद्दाम सांगतो, कारण रमाबाईंवरच्या भाषणांत ते सहसा येत नाही.

थोरलीऐवजी थोरल्यावर खर्च पडला अशीही घरं आहेत. भगूरच्या सावरकरांच्या घरात आई आधीच गेली होती. १८९९ च्या प्लेगात वडील गेले, मागोमाग चुलते. धाकट्या नारायणाला प्लेग झाला, त्याची शुश्रूषा करता करता वीस वर्षांच्या थोरल्या बाबारावांनाही झाला. दोघं वाचले. त्यानंतर विनायकाचं शिक्षण पुढं सरकलं आणि बाबारावांचं मागं पडलं. या घराच्या पुढच्या राजकारणावर नाशिकमध्ये भांडायला दिवस पुरत नाही, ते भांडण आज नको.

काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, तो ज्यांच्या नेतृत्वाखाली त्या बाबासाहेबांच्या पुस्तकांचा हिशेबही असाच आहे. वडील रामजी सुभेदारांची पेन्शन तुटपुंजी. मुलाला पुस्तक हवं झालं आणि हातात पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. पैसे मिळाले तर ठीक, नाहीतर मुलगी अंगावरचा डाग काढून देई, तो मारवाड्याकडे गहाण पडे आणि पेन्शन आली की सुटे. बाबासाहेबांनी हे स्वतः सांगितलेलं आहे. थोरले भाऊ आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले, कारण दोघांना शिकवणं बापाला झेपत नव्हतं. एक मुलगा एल्फिन्स्टनपर्यंत पोचला त्यात एका भावाची शाळा आणि बहिणींचे डाग आहेत. परक्या घरी गेलेल्या मुलीनं सासरच्यांना काय सांगून तो डाग काढून दिला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आपल्या जिल्ह्यातलं ताजं नाव सांगायचं तर दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, जिथं प्यायच्या पाण्याची मारामार. वडील विहिरी खोदणारे, दत्तूही लहानपणापासून त्यांच्या हाताखाली. २०११ मध्ये वडील गेले. आई आणि दोन धाकटे भाऊ यांचा भार या पोरावर आला. पेट्रोल पंपावर काम केलं, शेतात राबला आणि २०१२ मध्ये फौजेत भरती झाला. तिथं त्याला बोट वल्हवायला शिकवलं. पाण्याचं भय असलेला, विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकानयनात उतरला आणि तेरावा आला. आई त्या वेळी अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली. २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक. जिल्ह्यानं हारतुरे घातले, घालायलाच हवे होते. दत्तू थोरला, कमावता आणि कीर्तिवंत, तिन्ही एकाच माणसात आलं हे दुर्मीळ. बहुतेक घरांत कमावणारा एक असतो आणि कीर्ती दुसऱ्याला मिळते. जालना जिल्ह्यातल्या शेलगावच्या अन्सार शेखनं २०१५ च्या परीक्षेतून एकविसाव्या वर्षी आयएएस मिळवलं. रिक्षावाल्या बापाचा मुलगा. त्याच्या यशामागं शाळा सोडून गॅरेजमध्ये काम करणारा भाऊ आहे, तोही धाकटा. अन्सार हे मुलाखतींत सांगतो, हे मला त्याच्या गुणांपेक्षा मोठं वाटतं.

गुणवंतांच्या सत्काराला मला वरचेवर बोलावतात. स्टेजवर विद्यार्थी, शेजारी आईवडील, शाल, श्रीफळ. आईवडिलांना बोलावण्याची पद्धत हल्ली पडली, चांगलं झालं. थोरली खाली तिसऱ्या-चौथ्या रांगेत असते. बहुतेकदा तिच्या मांडीवर आता स्वतःचं मूल असतं.

हे सगळं फार गोड वाटू लागलं असेल तर इगतपुरी तालुक्यात २०२२ मध्ये काय झालं ते आठवा. उभाडे गावच्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात असताना घरी आणून सोडली गेली आणि नाशिकच्या रुग्णालयात ती वारली. मग उघड झालं की त्या भागातली बरीच कातकरी मुलं दुसऱ्या जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. मोबदला काय, तर थोडे पैसे आणि एखादी मेंढी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. वर्तमानपत्रांनी आईबापांना धारेवर धरलं. मला त्या आईबापांची वकिली करायची नाही. पण चार लेकरांतलं एक बाहेर दिलं तर उरलेल्या तिघांच्या पोटाचं बघता येईल, हा हिशेब कसा घातला जातो ते डोळ्यांसमोर आणा. भावंडांनी एकमेकांना जगवणं म्हणतात ते इथवरही जातं. आणि याच तालुक्यात पुढच्याच महिन्यात दरेवाडीच्या मुलांनी आपली शाळा बंद होतेय म्हणून शेळ्या-मेंढ्या घेऊन इथल्या जिल्हा परिषदेवर मोर्चा काढला. मागणी काय? दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या. शाळा नसेल तर पुढं काय वाढून ठेवलंय हे त्या पोरांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. मोर्चात मोठी मुलं धाकट्यांचे हात धरून चालत होती. वस्तीवरची शाळा गेली की पहिली-दुसरीतलं मूल दूरच्या शाळेत एकटं कसं जाणार? त्याला नेणाऱ्या भावंडाची शाळा आधी बुडते, मग दोघांचीही.

आदिवासी विकास आयुक्तांचं कार्यालय याच शहरात आहे, म्हणून एक साधी मागणी इथंच मांडतो. आश्रमशाळेत प्रवेश देताना सख्खी भावंडं एका ठिकाणी ठेवा. थोरली एका तालुक्यात आणि धाकटा तिसऱ्याच, असं झालं की दोघंही पळून घरी येतात. एकत्र असली की थोरली धाकटीच्या वेण्या घालते, तेल-साबण जपून वापरायला शिकवते, रात्री अंथरूण ओलं झालं तर कुणाला न कळू देता बदलते. अधीक्षकांना हे माहीत असतं. अर्जात मात्र भावंडांचा रकाना नसतो.

आता ज्या कागदाबद्दल बोलायचं म्हणून मी इथवर आलो तो कागद. हक्कसोड. बाप वारला की तेराव्यानंतर सातबाऱ्यावर वारसनोंद होते. बहिणींची नावं लागतात, लावावीच लागतात. मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन माहेरवाशिणींना आणायला जातात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर झाडाखाली सगळे बसतात, भजी-चहा येतो, बहिणी अंगठे-सह्या करतात. कुणी जबरदस्ती केलेली नसते. भावाशी वाकडं घेतलं तर माहेर तुटेल, भाऊबीजेला पाट कुणाच्या दारात मांडायचा, या एका धाकापोटी सही होते. बदल्यात साडी मिळते, बरा भाऊ असेल तर गाय किंवा थोडं सोनं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, देशात तो २००५ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये उरलीसुरली शंका फेडली. कायदा बापाकडून मुलीला हक्क देतो आणि बहीण तो झाडाखाली भावाला देऊन टाकते. आदिवासी बहिणीला तर या कायद्यानं देऊन टाकण्यापुरताही मिळत नाही, कारण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायकोच्या जोडनावानं मिळतो, हे उत्तम. पण जो प्लॉट भावांबरोबर दगड वेचून, बांध घालून बहिणीनंही कसला होता त्यावर ती सासरी गेल्यावर तिचा माग उरत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला लाँग मार्च चालत गेला, त्यातल्या बायकांच्या पायांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. त्या पायांतले किती बहिणींचे होते, हे कुणी विचारलं नाही.

आता दोन्ही टोकं जोडा. जिनं आठव्या-दहाव्या वर्षी शाळा सोडून ज्याला कडेवर वाढवलं, त्याच्याच नावावर ती चाळिशीत आपला वाटा करून देते. एकाच माणसाला तिनं दोनदा दिलं, पहिल्यांदा तिला विचारलं नव्हतं आणि दुसऱ्यांदा विचारलं ते गाडी पाठवून. तुम्ही म्हणाल, प्रेम असतं, त्याचा असा वाण्यासारखा हिशेब मांडू नये. प्रेम असतंच. थोरलीचा घरात दराराही असतो. पन्नाशीचे भाऊ तिच्यासमोर तंबाखूची पुडी लपवतात, हे मी पाहिलंय. पण हिशेब ज्याला चुकवायचा असतो तोच प्रेमाचं नाव आधी घेतो.

वेळेचं भान ठेवून एकाच घराचं सांगतो, नाव-गाव सोडून. गुरुजींच्या गोणपाटावर जे बाळ असायचं, खडू खाणारं, ते पुढं शिकून निफाड तालुक्यात नोकरीला लागलं. त्याला सांभाळणारी बहीण चौथीनंतर शाळेत आली नव्हती. वडिलांनी आयुष्यभर मजुरी करून उतारवयात नोकरदार मुलाच्या मदतीनं थोडी जमीन घेतली होती. वडील गेल्यावर नातेवाइकांनी हक्कसोडीचा दिवस ठरवला. हा पठ्ठ्या निबंधकाच्या दारातून परत फिरला. बहिणीला म्हणाला, सही करू नकोस. ती त्याच्यावरच चिडली. लोक काय म्हणतील, वहिनीला काय वाटेल, मला काय करायचीय जमीन, असं बरंच बोलली. वहिनीला जे वाटायचं ते वाटलंच, वर्षभर घरात बोलणं धड नव्हतं. पण सातबाऱ्यावर दोघांची नावं राहिली. बहीण आता अधूनमधून सासरहून येऊन राहते. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीचा शिक्षणक्रम असायचा, दहावी-बारावी न झालेल्यांना पदवीची वाट मोकळी करणारा. भावानं फार पूर्वी तिला त्याचा फॉर्म आणून दिला होता, तो तिनं भरला नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. मी विचारलं तर म्हणाली, आता लेकीलाच जाऊ दे.

जमीन दोघं अर्ध्या वाट्यानं करतात. गेल्या खेपेला उन्हाळ कांदा लावला होता. लासलगावला भाव असा पडला की गाडीभाडंही निघालं नाही. भाऊ म्हणाला, तोटा मी सोसतो, तू नको. तिनं ऐकलं नाही. खत, औषध, मजुरी, भाडं सगळं वहीत मांडायला लावलं आणि आपला अर्धा तोटा रोख मोजून दिला.